पुलाखालचा हामूर

जे सांगायला बसलोय ते माझ्या घरात कुणालाही ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. एकदा देवळात कुणी नसताना मोठ्याने म्हणून बघावं, असं ठरवून गेलो होतो. तिथेही जमलं नाही. नारळ ठेवला आणि परत आलो. म्हणजे देवालासुद्धा मी हे तोंडाने सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी अजूनही सावरून बसतो.

सुरुवात माशापासून करतो. माणसांपासून केली तर मधेच कुठेतरी थांबेन, आणि मला आज थांबायचं नाहीये.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी तेव्हा सौदीत, अबकैकला होतो. तेलाच्या मोठ्या प्लँटवर कंत्राटदाराकडे रिगर. रिगर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. क्रेनच्या आकड्याला टनावारी वजन लटकलेलं असतं आणि खाली उभा असलेला एक माणूस हाताच्या खुणांनी, दोरीच्या ओढीने ते जिथे बसायचं तिथे बसवतो. तो माणूस मी. बोल्टाच्या भोकावर बोल्टाचं भोक. क्रेनवाला पठाण म्हणायचा की विलास खाली असला की मी डोळे मिटून काम करतो. मला ते ऐकायला आवडायचं. दहा जणांत कुणीतरी ते पुन्हा सांगावं म्हणून मी विषयही काढायचो — आता लपवून काय करू?

माझ्या खोलीत सदा होता. पाइप फिटर. आमची गावं खाडीच्या अल्याडपल्याड, तरीही ओळख झाली ती सौदीतच. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, बोलायला कमी, चिडायला तर अगदीच कमी. त्याचं वेड एकच, मासे गरवायचं, म्हणजे गळाने धरायचं. शुक्रवारी सुटी. बाकीचे दुपारपर्यंत लोळत असायचे, आम्ही मात्र पहाटे फजरच्या बांगेला उठून कंपनीचा पिकअप घेऊन समुद्राकडे निघायचो. गाडी मी चालवायचो, कारण लायसन माझ्याकडे होतं. तासभर नुसती वाळू, मग एकदम पाणी, आणि पाण्यावर एक पूल. त्याचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की मला तो दिसायला लागतो.

त्या पुलाच्या खांबांशी हामूर राहायचा. आपल्याकडे ज्या माशाला गोबरा म्हणतात, तसाच. आळशी दिसतो, तोंड मोठं, अंगावर डाग. पण गळाला लागला की सरळ खांबाच्या बुडाशी असलेल्या दगडांत घुसतो, आणि एकदा घुसला की तो तुमचा नाही. आणि खांबांना कालवं चिकटलेली, ब्लेडसारखी धारदार. तंगूस, म्हणजे आपला नायलॉनचा दोरा, त्यांना घासला की संपलं.

मोठा मासा पुलावरून नुसता ओढून घेता येत नाही, हे पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. पाण्यात असतो तोवर पाणी त्याचं वजन उचलतं. पाण्याबाहेर काढला की सगळं वजन दोऱ्यावर, गळावर आणि माशाच्या ओठावर येतं. ओठ फाटतो नाहीतर दोरा तुटतो. म्हणून माणसं दोन लागतात. एकाने मासा दमवून पाण्याच्या वर आणायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. दुसऱ्याने दोरीला बांधलेली जाळ्याची मोठी कडी वरून सोडायची आणि माशाच्या पुढ्यात, पाण्यात थोडी बुडवून, स्थिर ठेवायची. सदाने ती कडी वर्कशॉपमधल्या उरलेल्या सळीची स्वतः वाकवून बनवली होती. डोकं जाळ्यात आलं की वर घ्यायची.

एवढंच. पण त्यात एक गोष्ट सदाने मला पहिल्याच दिवशी शिकवली होती आणि नंतर दर खेपेला तो ती म्हणायचाच. "डोक्याकडसून घे. शेपटेक लावू नको." दमलेला मासा निपचित पडलेला असतो. पण शेपटीला काही लागलं की अंगात असेल-नसेल तेवढा जोर काढून तो एकदाच उसळतो, आणि तेवढं त्याला पुरतं. मी कितीतरी मासे असे वर घेतले. एकही गमावला नाही. टनावारी बोजा जो चुकवत नाही, तो जाळ्याची कडी कशाला चुकवेल?

आता गणपती. कोकणातल्या माणसाला गल्फमध्ये दोनच सण असतात — सुटी मिळालेला गणपती आणि सुटी न मिळालेला गणपती. त्या वर्षी प्लँटच्या एका भागाचं शटडाऊन, म्हणजे तो बंद ठेवून करायची दुरुस्ती, गणपतीच्या सुमारालाच आलं. आमच्या तुकडीतून एकालाच सोडणार, हे मुदीरने, म्हणजे साहेबाने, आधीच सांगितलं होतं. मागणारे दोघे, मी आणि सदा.

सदाला का जायचं होतं ते सांगतो. त्याची बायको सुरेखा, तिला दिवस गेले होते आणि महिने भरत आले होते. आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती. दोन्ही वेळेस सदा सौदीत. डॉक्टरांनी या वेळेस बजावलं होतं की शेवटच्या आठवड्यांत तिला गावात ठेवू नका, शहरातल्या मोठ्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवा. घरात सदाचे म्हातारे वडील, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो माणूस तिला कुठे नेणार? सदा आला की नेणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

आणि मला का जायचं होतं? मी नवं घर बांधलं होतं. स्लॅबचं. थोरल्या भावाशी भांडून वेगळा झालो होतो आणि त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या घरात माझा गणपती येणार होता. भावाच्या अंगणातून दिसेल असा मांडव घालायचा होता, लाइटिंग करायची होती. वाडीतली माणसं आधी माझ्याकडे आरतीला यावीत आणि मग त्याच्याकडे जावीत, एवढंच. मला मिरवायचं होतं. याला दुसरा शब्द मी खूप शोधला, मिळाला नाही.

आमचा मुदीर अबू फैसल. तसा वाईट नव्हता. पोट मोठं, हसणं मोठं, हामूरवर जीव टाकणारा. दोघांनी एकाच वेळी सुटी मागितली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला, आम्हा दोघांकडे बघून हसला आणि हाताने माप दाखवत म्हणाला, "जीब हामूर कबीर. खलास, इजाजा." मोठा हामूर आणा, सुटी झाली. मी हसलो. साहेब थट्टा करतोय, आपण हसायचं असतं. सदा हसला नाही.

त्याला थट्टा कळत नव्हती अशातला भाग नाही. पण त्याच्या हातात दुसरं होतं काय?

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही पुलावर गेलो. ऑगस्टचा उकाडा, सूर्य नुकता वर आलेला, अंगातला शर्ट पाण्यातून काढल्यासारखा. ओहोटीचं पाणी पुलाखालून जोरात निघालं होतं. आसपास गरवणारं कुणी नव्हतं. सदाने गळाला आमिष म्हणून माकूल लावलं, दोरा सोडला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. देवाला गाऱ्हाणं घालत असावा.

मासा लागल्याचं मला सदाच्या पाठीवरून कळलं. पाठ एकदम ताठ झाली. मग त्याने जे केलं तसं मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. मासा खांबाकडे निघाला की हा कठड्याच्या बाजूने उलटा चालत त्याला बाहेर आणायचा, मासा थांबला की हा थांबायचा. तंगूस तळव्यात रुतून रक्त यायला लागलं होतं. फडकं घे म्हटलं तर नको म्हणाला, दोरा कळायचा बंद होतो म्हणाला. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पाण्यात खाली काहीतरी तपकिरी हललं आणि हळूहळू वर आलं.

एवढा हामूर मी त्याआधी बघितला नव्हता. लहान मुलाएवढा असेल. कुशीवर पडला होता, कल्ले उघडमीट करत. सदाने माझ्याकडे बघितलं. तो हसत होता. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "इजाजा," म्हणाला. फक्त तेवढंच.

मी कडी खाली सोडायला लागलो.

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानाही इथेच थांबतो आणि मग पुढचं भराभर उरकतो — पाण्याला ओढ होती, कडी फिरली, मासा गेला. इतक्या वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की कधीकधी मलाच खरं वाटतं. पण तसं झालेलं नाही. पाण्याला ओढ होती, ही गोष्ट खरी. पण त्या ओढीचा अंदाज घेऊनच मी कडी सोडली होती. ती माशाच्या तोंडापुढे, हातभर अंतरावर, अगदी हवी तिथे बसली होती. हलत नव्हती. सदाने थोडा दोरा सैल सोडला असता तर डोकं आपोआप आत आलं असतं.

आणि मला माझं अंगण दिसलं. रिकामं. मांडव नाही, लाइट नाही. आणि भावाच्या घरातून आरतीचा आवाज.

मी मनगट वळवलं. एवढंसं. दोरी हातात थोडी फिरली, कडी माशाच्या पोटाखालून मागे गेली आणि लोखंड शेपटीला लागलं. मी लावलं. चुकून नाही, घाबरून नाही, पाण्याने नाही. मी लावलं.

तो उसळला. खांबाकडे गेला. सदाने दोन्ही हातांनी दोरा धरला तेव्हा तो सरकताना त्याच्या तळव्याची साल निघालेली मी बघितली. मग दोरा ढिला पडला. सदा तसाच वाकून पाण्याकडे बघत राहिला. आता तो वळेल आणि विचारेल, असं मला वाटलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पाण्याला ओढ होती.

तो वळला आणि त्यानेच म्हटलं. "जावंदे. पाण्याक ओढ होती. तुझो काय दोष?"

माझ्या तोंडातलं खोटं त्याने माझ्याआधी बोलून टाकलं. का? खरंच त्याला तसं वाटलं? तो फिटर होता, माझा हात त्याने रोज बघितला होता. मी बसवलेल्या पाइपांचेच बोल्ट तो आवळायचा. माझी कडी अशी फिरत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याला कळलं असेल का? कळूनही त्याने मला वाट करून दिली असेल का? मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, परतताना गाडीतही केला. तो हाताला रुमाल बांधून खिडकीबाहेर बघत होता.

शनिवारी अबू फैसलने आम्हाला बघताच विचारलं, "वेन हामूर?" हामूर कुठे, म्हणून. आता मला सांगा, थट्टा करणारा माणूस नंतर आठवणीने विचारेल का? सदाने मान हलवली आणि बांधलेला हात दाखवला. मुदीर चुकचुकला. माझं काम त्या आठवड्यात संपत होतं, सदाचं शटडाऊनभर चालणार होतं. मुदीरने माझ्या सुटीवर सही केली. मासा मिळाला असता तर सदाच्या सुटीवर केली असती? बहुतेक केली असती. नसतीही. तो विचार मी खूप केलाय आणि आता सोडून दिलाय, कारण मी मनगट वळवलं तेव्हा मला तरी वाटत होतं की तो करील. म्हणूनच वळवलं.

गावी जाणाऱ्याकडे सगळे आपापलं सामान देतात. सदानेही दिलं. साबण, पावडर, बाळाची झबली आणि एक ब्लँकेट, फिकट पिवळं, खोबर शहराच्या बाजारात स्वतः जाऊन आणलेलं. मुलगा की मुलगी माहीत नाही म्हणून पिवळं, म्हणाला. पोचल्या पोचल्या दे आणि बाबांना सांग, सुरेखाला मोठ्या दवाखान्याकडे न्या, वाट बघू नका. फोनवर ते ऐकत नाहीत, तू तोंडाने सांग.

मी पोचल्या पोचल्या गेलो नाही. मांडव घालायचा होता.

गणपती झाला. वाडीतली माणसं आधी माझ्याकडे आली. भाऊही आला, आरतीला उभा राहिला, प्रसाद घेऊन गेला, आणि मला त्यात काही म्हणजे काहीच वाटलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सदाची पिशवी उचलली आणि होडीने खाडी ओलांडली.

त्याच्या अंगणात माणसं जमली होती. आदल्या दिवशी सुरेखाला कळा सुरू झाल्या होत्या. विसर्जनाची गडबड, जीप मिळायला उशीर, तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत फार वेळ गेलेला. मुलगा झाला होता. रडलाच नाही. सुरेखा दवाखान्यातच होती, शुद्धीत नव्हती, तिला दाखवलाही नव्हता. आणि पडवीत सदाचे वडील, मांडीवर पांढऱ्या कापडातलं एक गाठोडं घेऊन.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी पिशवी चाचपली, ब्लँकेट काढलं, त्यावरून हात फिरवला आणि ते बाळाला गुंडाळलं. मग ते गाठोडं माझ्याकडे धरलं. बापाने न्यायचं असतं, म्हणाले, सदा नाही, तू त्याचा दोस्त, तू ने. नाही म्हणायला तोंड होतं का मला? मी घेतलं. एवढ्याशा जिवाला वजन ते काय असणार, पण पुरायच्या जागी, नदीकाठी, पोचेपर्यंत माझे दोन्ही खांदे भरून आले.

एका शेजाऱ्याने खड्डा काढला होता आणि तो बाजूला जाऊन उभा होता. म्हाताऱ्याने माझ्या दंडाला धरलं. "माका दिसणा नाय," म्हणाले. "तू बघून घे त्याचा तोंड. सदाक सांगूक होया."

मी गुडघ्यांवर बसलो. तोंडावर ब्लँकेटची घडी होती. हात तिच्यापर्यंत गेला. मग मी नदीकडे बघितलं आणि म्हटलं, "बघलंय."

दोन दिवसांनी सदाचा फोन आला. रडून झालं होतं त्याचं, आवाज कोरडा होता. मला शिव्या देईल, पिशवी वेळेवर का नाही दिलीस विचारेल — काहीच नाही. म्हणाला, तू होतास म्हणून बरं झालं, तू होतास म्हणजे मीच होतो. आणि मग विचारलं, "तू बघलंस मां? कोणासारखो होतो?"

मी म्हटलं, तुझ्यासारखा. नाक तुझं. केस दाट. हनुवटीला तुझ्यासारखी खळी. एकदा सुरू झालो आणि थांबेना, कारण पलीकडे तो ऐकत होता, श्वास धरून ऐकत होता.

सदा आता गावीच असतो. पुढे त्यांना एक मुलगी झाली, नीट वाढली, कॉलेजला जाते. मी त्यांच्या घरी जातो. जावंच लागतं, ते बोलावतात, मला पहिला पाट मांडतात. मुलीला हनुवटीवर खळी आहे. सदा तिला सांगतो की तुझ्या दादालाही अशीच होती, विलासकाकाने बघितलीय, काकाला विचार. गेल्या खेपेला सुरेखाने वाढता वाढता हळूच विचारलं, "भावोजी, डोळे उघडे होते की मिटलेले?" मी म्हटलं, मिटलेले, झोपल्यासारखे. तिने मान हलवली. तिला ते बरं वाटलं असावं.

मी ती घडी बाजूला केलीच नव्हती.